मागे दोन टायर वाढवले म्हणून गाडीची ताकद वाढते का?



सातवीच्या वर्गात 'दाब' शिकवत होतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. उदाहरण म्हणून एसटीचं दिलं. एसटीला पुढे दोन आणि मागे चार टायर असतात, मागे वजन जास्त येतं म्हणून तिथे टायर जास्त, असं सांगितलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक हात वर आला.

"सर, आमच्या पिकअपला मागं एकेकच टायर आहे. दोन-दोन लावले तर चाराचे सहा टायर होतील. मग दीडपट कांदा बसेल ना? पप्पा गॅरेजवाल्याला विचारणार आहेत."

मुलाने मोबाईलवर अमेरिकेतल्या एका पिकअपचा व्हिडिओ पाहिला होता. तिला मागे चार टायर आणि बाहेर फुगलेले मडगार्ड होते. गणित त्याने स्वतः मांडलं होतं आणि वरवर पाहता ते बरोबर होतं. मी म्हटलं, "उद्या सांगतो." कारण हे उत्तर फक्त वहीत राहणार नव्हतं. ते संध्याकाळी घरी जाणार होतं आणि तिथून कदाचित रस्त्यावर.

त्या रात्री जे वाचलं, कागदावर मांडलं, ते तुमच्यासाठी इथे देतो आहे. दाब, भार, आघूर्ण, परीघ, गुणोत्तर हे सगळे धडे या एका गाडीत सापडतात.

हा बदल कुठे करतात?

ज्या गाडीचा व्हिडिओ मुलाने पाहिला, तिला अमेरिकेत 'ड्युअली' म्हणतात, म्हणजे मागच्या एक्सलवर दोन्ही बाजूंना जोडटायर असलेली पिकअप. जनरल मोटर्सने १९७३ च्या मॉडेलपासून अशी पिकअप कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली. आज फोर्ड एफ-३५०, रॅम ३५०० आणि शेव्हरोले सिल्व्हराडो ३५०० या तिन्ही गाड्या दोन्ही प्रकारांत मिळतात. मागे एकेरी टायरची घ्या किंवा जोडटायरची घ्या.

तिथे लोक पिकअपला मोठाले ट्रेलर जोडतात. कुणी घोडे नेतं, कुणी चाकावरचं घर. मोठ्या ट्रेलरचा पुढचा भाग थेट पिकअपच्या हौद्यात, मागच्या एक्सलच्या जवळपास टेकतो. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तिथे पडतो असं धरतात. ट्रेलर ७,००० किलोचा असेल तर सुमारे १,४०० किलो एकट्या पिकअपच्या पाठीवर. वारा आला, बाजूने मोठा ट्रक गेला की एकेरी टायरची गाडी डुलते. जोडटायरची गाडी रुंद पायावर उभी असल्यामुळे कमी डुलते.

आता ज्याच्याकडे आधीच एकेरी टायरची गाडी आहे, त्याला वाटतं की नवी घेण्यापेक्षा हिलाच दोन टायर जोडू. हाच तो बदल.

पहिला धडा: टायरवरचे दोन आकडे

मुलाला सगळ्यात आधी टायर वाचायला शिकवा. फोर्ड एफ-३५० च्या जोडटायर प्रकारात एक नेहमीचं माप आहे: एलटी २४५/७५ आर १७. त्यापुढे लिहिलेलं असतं १२१/११८. हे भाराचे सांकेतिक अंक आहेत. पहिला अंक टायर एकटा असेल तेव्हाचा, दुसरा तो जोडीत असेल तेव्हाचा. तक्त्यात पाहिलं तर:

१२१ म्हणजे १,४५० किलो.
११८ म्हणजे १,३२० किलो.

म्हणजे तोच टायर, तीच हवा, पण जोडीत लावला की त्याच्यावर १३० किलो कमी टाकायचे. का?

कारण जोडीतले दोघे कधीच अगदी सारखं ओझं उचलत नाहीत. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, म्हणून कधी आतला टायर जास्त दाबला जातो, कधी बाहेरचा. एकात हवा थोडी कमी असली तर दुसऱ्यावर भार सरकतो. एक टायर झिजलेला आणि दुसरा नवा असेल तर व्यासाने मोठा टायर जास्त वजन घेतो. म्हणून जोडीतल्या टायरांच्या व्यासात साधारण पाव इंचापेक्षा, म्हणजे सुमारे ६ मिलीमीटरपेक्षा जास्त फरक नसावा असा दंडक आहे. शिवाय दोघांच्या मधल्या फटीत वारा कमी खेळतो, उष्णता अडकते.

आता मुलाचं 'दीडपट'चं गणित तपासू. एकेरी प्रकारात त्याच कंपनीच्या पिकअपला थोडा मोठा टायर येतो: एलटी २७५/७० आर १८, भारांक १२५, म्हणजे १,६५० किलो.

एकेरी: २ × १,६५० = ३,३०० किलो
जोडटायर: ४ × १,३२० = ५,२८० किलो

मागच्या एक्सलवरचे टायर दुप्पट झाले, पण टायरांची क्षमता दुप्पट झाली नाही, १.६ पट झाली. तरीही मुलगा म्हणेल, "सर, मग दीडपटीपेक्षा जास्तच झाली की!" बरोबर. पण हे फक्त टायरांचं झालं. गाडी म्हणजे टायर नव्हे.

दुसरा धडा: एक फुटला तर?

"जोडटायर असले की एक फुटला तरी चालतं," असं आपण सर्रास ऐकतो. गणित करून बघा. समजा मागच्या एक्सलवर ४,००० किलो आहेत. एका बाजूला २,०००, म्हणजे प्रत्येक टायरवर १,००० किलो. १,३२० च्या मर्यादेत, सगळं ठीक. एक फुटला. आता उरलेल्या एकट्या टायरवर २,००० किलो आले आणि त्याची एकट्याची मर्यादा आहे १,४५०. म्हणजे जवळजवळ ३८ टक्के जास्त.

जोडटायरचा फायदा एवढाच की गाडी लगेच एका बाजूला कलंडत नाही आणि चालकाला कडेला घ्यायला वेळ मिळतो. पुढच्या गावापर्यंत तसंच जायची ती परवानगी नव्हे. आणि आतल्या टायरची हवा बाहेरून दिसत नाही, ती मुद्दाम तपासावी लागते.

तिसरा धडा: चाक बाहेर ढकललं की काय होतं?

आता प्रत्यक्ष बदलाकडे येऊ.

जोडटायरची रिम वेगळी असते. दोन वाट्या बुडाला बूड लावून धरा. आतल्या वाटीचं तोंड गाडीच्या आत, बाहेरच्या वाटीचं तोंड रस्त्याकडे. दोन रिम अशाच पाठीला पाठ लावून एकाच हबवर बसतात. त्यामुळे दोघांचा मिळून भार बरोबर त्या जोडावर येतो.

एकेरी टायरच्या एक्सलवर अशा दोन रिम थेट बसत नाहीत. आतला टायर पाट्यांना आणि चेसिसला घासतो. मग दोन मार्ग उरतात.

स्वस्त मार्ग म्हणजे अडॅप्टर. हबवर जाड धातूचा तुकडा बसवायचा आणि दोन्ही चाकं बाहेर ढकलायची. एक्सल जुनाच. कधी कधी त्याशिवाय चाक बसतही नाही, कारण भोकांचं वर्तुळ वेगळं असतं. फोर्डच्या २००५ पासूनच्या मोठ्या पिकअपमध्ये एकेरी चाकाला आठ स्टड १७० मिलीमीटरच्या वर्तुळावर आहेत, जोडटायरला आठ स्टड २०० मिलीमीटरच्या वर्तुळावर.

यात अडचण आहे ती आघूर्णाची. आघूर्ण म्हणजे बल गुणिले अंतर. समजा एका बाजूला १,५०० किलो आहेत आणि भाराचं केंद्र बेअरिंगच्या मध्यापासून ४ सेंटीमीटरवर होतं. अडॅप्टरने ते १२ सेंटीमीटरवर गेलं. एक किलोही माल न वाढवता बेअरिंगला आणि एक्सलच्या टोकाला वाकवणारं आघूर्ण तिप्पट झालं. दप्तर छातीशी धरून उभं राहणं आणि हात लांब करून धरणं, यातला फरक मुलं लगेच ओळखतात.

खर्चिक मार्ग म्हणजे पूर्ण एक्सल बदलणे. जुन्या किंवा अपघातग्रस्त जोडटायर गाडीचा मागचा एक्सल काढून आणायचा. त्यात बेअरिंगच बाहेर सरकलेलं असतं, म्हणून आघूर्णाचा प्रश्न येत नाही. पण मग यादी वाढत जाते:

१. पाटे जिथे बसतात त्या जागा चेसिसशी जुळल्या पाहिजेत.
२. प्रोपेलर शाफ्टची लांबी आणि त्याचा क्रॉस जुळला पाहिजे.
३. ब्रेकचे पाईप, हँडब्रेकची केबल आणि चाकाचा वेग मोजणारा सेन्सर जुळला पाहिजे.
४. गाडी चारही चाकं फिरवणारी असेल तर पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचा गिअर रेशो एकच हवा. पुढे ३.७३ आणि मागे ४.१० असं झालं तर पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांशी भांडतात आणि मधला गिअरबॉक्स तुटतो.
५. सगळ्या चाकांना एकच स्टेपनी चालावी म्हणून पुढेही तीच रिम लावतात. त्यासाठी पुढच्या हबला वाढीव तुकडा लागतो. म्हणूनच अशा गाडीची पुढची रिम बाहेर आलेली दिसते आणि मागची आत गेलेली.
६. मडगार्ड रुंद करायचे किंवा अख्खा हौदा बदलायचा.

गाडीची रुंदी सुमारे पावणेसात फुटांवरून आठ फुटांच्या आसपास जाते. अमेरिकेत ८० इंच किंवा त्याहून रुंद ट्रकला टपावर आणि कडेला जादा दिवे लावावे लागतात. रात्री समोरून येणाऱ्याला रुंदी कळावी, हा त्यामागचा विचार.

चौथा धडा: किलोमीटरचा काटा खोटं बोलायला लागतो

टायरचं माप बदललं की परीघ बदलतो. मुलांना हे फळ्यावर करायला द्या.

२७५/७० आर १८ मध्ये रिम १८ इंच म्हणजे ४५७.२ मिलीमीटर. टायरची उंची २७५ च्या ७० टक्के, म्हणजे १९२.५. व्यास = ४५७.२ + १९२.५ + १९२.५ = ८४२.२ मिलीमीटर.

२४५/७५ आर १७ चा व्यास याच रीतीने येतो ७९९.३ मिलीमीटर.

पाय ने गुणलं की पहिला टायर एका फेरीत सुमारे २.६५ मीटर जातो, दुसरा सुमारे २.५१ मीटर. एका किलोमीटरला पहिला ३७८ वेळा फिरतो, दुसरा ३९८ वेळा. गाडीचा काटा फेऱ्या मोजून चालतो, त्यामुळे त्याची नव्याने जुळणी केली नाही तर तो पाच टक्के जास्त दाखवतो. काट्यावर १०० दिसतील तेव्हा गाडी खरी ९५ च्या वेगाने चाललेली असेल.

पाचवा धडा, आणि सगळ्यात महत्त्वाचा: दारावरचं लेबल

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीला चालकाच्या दाराजवळ एक लेबल असतं. माल, माणसं, इंधन सगळं धरून गाडीचं एकूण वजन जास्तीत जास्त किती चालेल आणि प्रत्येक एक्सलवर किती चालेल, ते त्यावर कंपनीने लिहिलेलं असतं. वर सांगितलेल्या पिकअप जोडटायर प्रकारात १४,००० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ६,३५० किलोपर्यंत जातात.

तो आकडा फक्त टायर बघून ठरत नाही. चेसिस, पाटे, एक्सल, बेअरिंग, ब्रेक, गाडी थंड ठेवणारी यंत्रणा, या सगळ्यांची साखळी असते. साखळी जिथे कच्ची तिथेच तुटते. टायरची कडी जाड केली म्हणून ब्रेकची कडी जाड होत नाही. घाटात उतरताना हे जास्त जाणवतं. गाडी थांबवताना जी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते, ती वजनाच्या प्रमाणात वाढते. वजन दीडपट झालं तर उष्णता दीडपट, आणि ब्रेक तेच.

गाडी एकदा विकली गेली की मालकाने टायर वाढवले म्हणून लेबलवरचा आकडा वाढत नाही. आता गंमत बघा. समजा एका गाडीचं मान्य एकूण वजन ५,००० किलो आहे आणि रिकामी गाडी ३,३०० किलोची. माल आणि माणसं मिळून १,७०० किलो बसतात. बदल केला. दोन जादा चाकं, जड एक्सल, रुंद मडगार्ड, मिळून समजा २०० किलो वाढले. रिकामी गाडी झाली ३,५०० किलोची. मान्य वजन तेच, ५,०००. आता बसतो फक्त १,५०० किलो.

टायर वाढले आणि मालाची मुभा कमी झाली! हे वाक्य फळ्यावर लिहिलं तेव्हा वर्ग दोन मिनिटं गप्प होता.

मग असा बदल कुणालाच उपयोगी नाही का? तसं नाही. लेबलच्या मर्यादेत राहूनच ट्रेलर ओढणाऱ्याला, पूर्ण एक्सल बदलून घेतला तर, गाडी कमी डुलण्याचा फायदा मिळतो. स्थिरता मिळते, क्षमता मिळत नाही. त्या बदल्यात अरुंद जागेत गाडी लावणं कठीण जातं, चाराऐवजी सहा टायर बदलावे लागतात आणि रिकामी गाडी चिखलात किंवा बर्फात लवकर घसरते, कारण तेच वजन जास्त टायरांवर वाटलं जातं. आपल्या 'दाब'च्या धड्याचाच हा दुसरा चेहरा.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे हा प्रश्न कायद्यानेच बराचसा सोडवलेला आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. मागे जास्त भार न्यायचा असेल तर मुळातच जोडटायरची बनवलेली गाडी घ्यावी, जशी टाटा ४०७. तिचा एक्सल, ब्रेक, चेसिस सगळं त्याच हिशोबाने बनलेलं असतं. नोंदणी पुस्तकाशी न जुळणारी गाडी अपघातात सापडली तर विम्याच्या वेळी प्रश्न उभे राहतात, तेही पालकांनी लक्षात घ्यावं.

वर्गात करून बघण्यासारखं

एक. भांडी घासायचे दोन सारखे स्पंज घ्या, वर एक ताटली ठेवा आणि ताटलीच्या मधोमध हाताने दाबा. आता एका स्पंजखाली जाड पुठ्ठा सरकवा आणि ताटली सपाट धरून पुन्हा दाबा. कोणता स्पंज जास्त चेपतो? हेच जोडीतल्या कमीजास्त व्यासाच्या टायरांचं.

दोन. शिवणाच्या दोऱ्याच्या तीन कड्या एकमेकींत अडकवा आणि खाली पिशवी लटकवून त्यात एकेक खडा टाकत जा. किती खड्यांना तुटते ते लिहा. मग मधली कडी सुतळीची करा आणि पुन्हा करा. खडे वाढतात का? मुलांना आधी अंदाज लिहायला सांगा, मग प्रयोग करा.

तीन. गावात उभ्या असलेल्या गाड्यांच्या टायरवरचे आकडे वहीत उतरवून आणायला सांगा. गाडी बंद आणि उभी असतानाच, आणि सोबत मोठं माणूस हवं.

दोऱ्याच्या कड्यांचा प्रयोग त्या मुलानेच केला. सुतळी लावूनही साखळी वरच्या दोऱ्याच्या कडीतच तुटली. तो हसला नाही. म्हणाला, "म्हणजे सर, आमच्या गाडीत तुटायचं ते ब्रेक किंवा एक्सल असेल." मी म्हटलं, "आधी सध्या किती भरता ते तर बघा. वजनकाट्यावर न्या आणि नोंदणी पुस्तकातला आकडा शेजारी मांडा."

पालकसभेला त्याचे वडील आले. गाडी काट्यावर घातली होती. म्हणाले, "सर, टायर वाढवायचं सोडाच, आम्ही आधीच जास्त भरत होतो. आता दोन खेपा करतो. डिझेल जातं, हप्ता आहे, परवडत नाही म्हणा. पण घाटात ब्रेक आता वास मारत नाही."

परवडत नाही हेही खरं आहे, आणि ते आपण मुलांपासून लपवू नये. पण ते परवडतं की नाही हे ठरवताना हातात अंदाज नको, आकडा हवा. तेवढं तर आपला सातवीचा धडा देऊ शकतो.